दोन लाख दहा हजार शिक्के

आमच्याकडे लेखकाला मिळणाऱ्या पैशाला शिक्क्याचा कर म्हणतात. पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर, जिथे छापखान्याचं नाव आणि किंमत असते, तिथे टपालाच्या तिकिटाएवढी एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर लेखकाचा तांबडा शिक्का असतो. शिक्का नसलेली प्रत विकता येत नाही. जितके शिक्के तितक्या प्रती आणि तितक्या प्रतींवर लेखकाचा वाटा. प्रकाशकाने गुपचूप शंभर प्रती जास्त छापायचं मनात आणलं, तरी शिक्का लेखकाच्या घरात. तो आणणार कुठून?

आमच्या घरात शिक्के मारायचं काम माझं. ह्यांचं, म्हणजे कुसाका तेइझो यांचं, 'मिठाची वाट' हे पहिलं पुस्तक निघालं तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पाचशे प्रती, कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, किंमत दोन येन. दोन येनमध्ये त्या काळी आम्हा दोघांना तीन आठवडे पुरेल एवढा तांदूळ यायचा. एवढा तांदूळ सोडून पुस्तक घेणारं कोण निघणार, असं माझ्या मनात आलं होतं, पण नव्या नवरीने ते बोलून दाखवलं नाही. जेवण आटोपल्यावर बसले आणि चहाच्या वेळेपर्यंत पाचशे शिक्के मारून मोकळी झाले. दोन येनचा दहावा हिस्सा वीस सेन, असे पाचशे प्रतींचे शंभर येन आले. पुढच्या एकोणीस वर्षांत ह्यांची आणखी सहा पुस्तकं निघाली. कुठलंही हजाराच्या वर गेलं नाही. मला शिक्के मारायला कधी दुसरी दुपार लागली नाही.

मग मोठ्या भूकंपानंतर चौथ्या वर्षी एक येनच्या पुस्तकांची लाट आली. भूकंपाच्या आगीत अर्ध्या तोक्योची पुस्तकं जळून गेली होती. कुणा प्रकाशकाच्या डोक्यात आलं की दर महिन्याला एक जाड खंड काढायचा, एकेका खंडात एकेका लेखकाचं निवडक लेखन, आणि किंमत फक्त एक येन. लोकांनी आधी नाव नोंदवायचं, एक येन अनामत भरायची. त्याचं पाहून दुसऱ्याने तशी मालिका काढली, मग तिसऱ्याने. रस्त्यांवर पताका लागल्या, वाजंत्री फिरली, वर्तमानपत्रांची पानंच्या पानं जाहिरातींनी भरली. हे म्हणायचे, मुळ्यासारखी पुस्तकं विकायला काढलीत ह्या लोकांनी.

अशाच एका प्रकाशनाकडून हिनात्सु नावाचा माणूस आमच्याकडे यायला लागला. तिशीचा असेल. बोलताना कायम अंगात ताप असल्यासारखा लालेलाल. त्यांच्या मालिकेत चौदावा खंड ह्यांचा ठरला होता. खरं तर तो दुसऱ्या एका लेखकाचा होता, पण त्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. 'मिठाची वाट' पूर्ण आणि सोबत सात कथा, असा खंड होणार होता.

ह्यांनी त्याला विचारलं, "एक येनमध्ये तुम्हाला परवडतं कसं? माझं पुस्तक दोन येनला विकूनही प्रकाशक रडत होता."

हिनात्सुने आमच्या बैठ्या मेजावर बोटाने रेघा ओढत समजावलं. येनचे शंभर सेन. त्यातले तीसेक कागद, छपाई आणि बांधणीला, पंचवीस दुकानदाराला, वीसेक जाहिरातीला, दहा गुरुजींना, म्हणजे ह्यांना. उरलं तर प्रकाशकाला. पाचशे प्रतींवर हा हिशेब कुणालाही खड्ड्यात घालेल. पण अक्षरं एकदाच जुळवायची असतात, साचा एकदाच ओतायचा असतो. पाचशे छापा नाहीतर पाच लाख, तो खर्च तेवढाच. छपाई जितकी मोठी तितका एकेका प्रतीवरचा भार कमी. "म्हणजे गुरुजी," तो म्हणाला, "पुस्तक स्वस्त आहे म्हणून लोक घेतात, हे अर्धंच खरं. लोक घेतात म्हणून ते स्वस्त आहे."

हे हसले. मी मात्र त्या मेजाकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं मी शिक्के मारत होते आणि किंमत अशी आतून उलगडून मला कुणी दाखवली नव्हती.

जूनच्या सुरुवातीला तो नोंदणीचा आकडा घेऊन आला. टोपी न काढताच दारात उभा राहून म्हणाला, "दोन लाख दहा हजार."

ह्यांना वाटलं तो जाहिरातीला झालेला खर्च सांगतोय. हिनात्सुने पुन्हा सांगितलं, दोन लाख दहा हजार माणसांनी नावं नोंदवलीत. हे उठले. मागच्या पडवीत जाऊन उभे राहिले. मी बऱ्याच वेळाने गेले तेव्हा तिथेच होते. म्हणाले, "नुइ, कानाझावा शहरात माणसं किती असतील गं?" मी म्हटलं, असतील दीडएक लाख. म्हणाले, "म्हणजे सगळं कानाझावा, तान्ह्या मुलांसकट, आणि वर आणखी साठ हजार." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचा चेहरा होतो, तसा होता.

दोन दिवसांनी चिठ्ठ्या आल्या. हातगाडीवर. एका तावावर पन्नास चिठ्ठ्या, असे चार हजार दोनशे ताव. त्याशिवाय वाया जातील म्हणून दोनशे वेगळे. पुढच्या खोलीत भिंतीशी रचले तर माझ्या कमरेपर्यंत आले. शेंदरी शाईच्या सहा मोठ्या डब्या हिनात्सुने सोबत पाठवल्या होत्या. पूर्वीची एक डबी मला सात पुस्तकांना पुरली होती.

हिनात्सु म्हणाला, दुसरे लेखक माणसं लावतात, काही जण तसेच आणखी शिक्के बनवून घेतात. मी म्हटलं, शिक्का एकच आहे आणि तो माझ्या हाताला ओळखतो. सकाळची कामं उरकून मी बसायचे. शिंगाचा तो शिक्का शाईत टेकवायचा, चिठ्ठीवर ठेवायचा, किंचित दाबून उचलायचा. दर ताव भरला की मधे पातळ कागद घालून बाजूला. पहिल्या दिवशी सात हजार झाले आणि दुसऱ्या दिवशी हात खांद्यापासून उचलेना. शेजारच्या कोमबु शेवाळ विकणाऱ्याची बायको ताव सरकवायला यायला लागली, तेव्हा वेग वाढला.

पूर्वी शिक्के मारताना मी रात्रीच्या भाजीचा विचार करत असे. आता ते जमेना. एक ठसा, एक माणूस. हा कुणाकडे जाईल? होक्काइदोच्या खाणीत? ट्रामच्या वाहकाकडे? नाशिओच्या सूतगिरणीतल्या पोरींनी म्हणे चौघींत मिळून नाव नोंदवलं होतं, हे हिनात्सुने सांगितलं होतं. ते ऐकल्यावर माझा हात एका ठशावर जरा जास्त थांबला. उगीचच. ह्यांना वाचणारी माणसं आजवर मला नावानिशी ठाऊक होती, त्यातली निम्मी आमच्याकडे जेवून गेलेली. आणि आता माझ्या हाताखालून दिवसाला आठ-नऊ हजार अनोळखी माणसं जात होती. मी देवळात इतकी नम्र कधी झाले नसेन, तितकी त्या तावांसमोर बसताना व्हायचे.

हे त्या दिवसांत घरात नुसते फिरायचे. लिहायचे नाहीत. एकदा पेपर उघडला तर अर्ध्या पानावर जाहिरात, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत 'मिठाची वाट'मधलं वाक्य: 'तिने मागे वळून पाहिलं नाही.'

ते वाक्य ह्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य. कादंबरीतली मिठागरात राबणारी बाई सासरच्या छळाला कंटाळून पहाटे चार वर्षांच्या मुलीला किनाऱ्यावर सोडते आणि समुद्रात चालत जाते, तिथे ते येतं. एका मासिकात त्या एका वाक्यावर दोन पानं लिहून आली होती. ह्यांनी जाहिरात पाहिली आणि पेपर घडी करून ठेवला.

नव्वद हजार शिक्के झाले त्या दिवशी नोतोहून पत्र आलं. ह्यांच्या गावच्या शाळामास्तरांचं. ह्यांनी गाव सोडून तेहेतीस वर्षं झाली होती, घरातलं कुणी तिथे उरलं नव्हतं. मास्तरांनी लिहिलं होतं की गावातल्या अकरा जणांनी मालिकेला नावं नोंदवली आहेत. पूर्वी ह्यांचं पुस्तक दोन येनचं असल्यामुळे गावात शाळेची एकच प्रत होती, ती हातोहात फिरून फाटली. आता एक येनमध्ये मिळणार म्हटल्यावर आणखी सहा जण पुढे आले. 'त्यांत मिठागरातल्या शिगेबाईही आहेत. त्यांना वाचता येत नाही हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, पुस्तक माझं आहे, माझ्या घरात असलेलं बरं.'

ह्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि समोर बसले. मी वाचून विचारलं, "शिगे कोण?"

"तीच," हे म्हणाले.

मला वाटायचं ती बाई मेली. पुस्तकात ती मेली होती, आणि हे नेहमी सांगायचे की ती गोष्ट खरी आहे. त्या दुपारी ह्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. शिगे समुद्रात गेलीच नव्हती. पहाटे एका मच्छीमाराच्या होडीतून निघून गेली, उत्तरेला मासळीच्या कारखान्यात सहा वर्षं राबली आणि परत आली. हे तेव्हा अठरा वर्षांचे होते, त्या पहाटे किनाऱ्यावरच्या खोपटापाशी उभे होते. ती परत आल्याचंही ह्यांना पुस्तक लिहिण्याआधीच कळलं होतं. "पण बुडाली असं लिहिलं की गोष्ट पुरी होत होती," हे म्हणाले. "पाचशे प्रती. मला वाटलं, त्या गावापर्यंत कुठे पोचणार?"

मी शिक्का पुसला आणि डबीचं झाकण लावलं. हे विचारायला लागले, काय करतेस. मी म्हटलं, "अहो, सतरा प्रती तिच्या गावात चालल्यात. आधी तिला जाऊन भेटा. तोवर माझा हात चालणार नाही."

मी रागावले नव्हते. मला भीती वाटत होती. पाचशे प्रतींमध्ये जे खोटं भिंतीतल्या उंदरासारखं गप्प बसलं होतं, ते आता दोन लाख दहा हजार घरांत एकाच आठवड्यात जाणार होतं, आणि त्या प्रत्येकावर हे खरं आहे असा ठसा मी मारत होते.

आम्ही दोघंही गेलो. उएनोहून कानाझावा, तिथून नानाओ, पुढे मोटार आणि शेवटचे दीड कोस पायी. उतारावरून समुद्र दिसायला लागला तशी ह्यांनी टोपी काढली.

मिठागरात दोन बाया काम करत होत्या. एक साठीची, काटक, डोक्याला पांढरं फडकं, दुसरी चाळिशीच्या आतली. म्हातारी खांद्यावर कावड घेऊन समुद्राचं पाणी वर आणत होती आणि वाळूच्या वाफ्यावर शिंपत होती. बादलीला एक झटका दिला की पाणी पंख्यासारखं उघडायचं आणि सारखं पसरून खाली यायचं, कुठे डबकं नाही की कोरडा ठिपका नाही. हे टोपी हातात घेऊन बांधावर उभे राहिले. तिने पाहिलं, ओळखलं, आणि हात न थांबवता म्हणाली, "थांब जरा. ऊन आहे तोवर वाळू भिजवली पाहिजे."

आम्ही थांबलो. चांगला तासभर. मग ती खोपटाच्या सावलीत येऊन बसली आणि सातूचा गार चहा आम्हाला ओतून दिला. दुसरी बाई, तिची मुलगी किनो, वाळू ओढायला लागली होती, पण इतक्या लांब नव्हती की ऐकू जाऊ नये.

"म्हातारा झालास की रे, तेइझो," शिगे म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तू ह्याची बायको. इतक्या लांब आणलं ह्याने तुला. पाय सुजले असतील."

हे थेट वाकले, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत. म्हणाले, शिगेताई, मी तुम्हाला पुस्तकात बुडवलं. आता ते फार लोकांकडे चाललंय. तुम्ही म्हणाल तर मी ते थांबवतो.

तिने विचारलं, फार म्हणजे किती. ह्यांनी आकडा सांगितला. तिला तो कळेना. मग तिने विचारलं की वाजिमाच्या मोठ्या बाजाराला किती माणसं जमतात. हे म्हणाले, पाच हजार. मी मनात भागाकार केला आणि सांगितलं, तसे बेचाळीस बाजार. ती समुद्राकडे तोंड करून बसली होती. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. एकेक बाजार ती खरंच डोळ्यांपुढे आणत असावी, माणसांनी भरत असावी.

"बेचाळीस बाजार," ती म्हणाली. "आणि सगळे माझ्याबद्दल वाचणार."

"हो."

"बुडवलंस त्याचं मला काही नाही रे. परत आले तेव्हा सासूने दारात उभं केलं नाही. तुझ्या पुस्तकातल्या बाईसाठी मात्र गाव रडलं, शाळेत मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा. तिच्यामुळे मग मलाही जरा बरं वागवायला लागले. ती मेली म्हणून मी जगले म्हण." ती जराशी हसली. मग हसू गेलं. "पण एक वाक्य खोटं आहे."

कुठलं, ते ह्यांनी विचारलं नाही.

"मी वळून पाहिलं होतं," शिगे म्हणाली. "तीनदा. एकदा खोपटापाशी. एकदा पाण्यात पाय घातला तेव्हा. आणि होडी खडकाला वळसा घालेपर्यंत मी पोरीकडेच तोंड करून बसले होते. ती शिंपला घेऊन वाळू उकरत होती. लाल पट्टा होता कमरेला."

वाफ्यावर फावडं ओढल्याचा आवाज थांबला होता. किनो पाठमोरी उभी होती.

"तिने ते वाक्य एकोणिसाव्या वर्षी वाचलं," शिगे हलक्या आवाजात म्हणाली. "पाठ आहे तिला. कधी बोलली नाही मला. मीही कधी सांगितलं नाही. छापलेलं आहे म्हटल्यावर माझ्या सांगण्याला काय किंमत?"

ह्यांचा आवाज मला ओळखू येईना. म्हणाले, "मी तिथे होतो, पण मी मान खाली घातली होती. मला बघवेना. मी पाहिलंच नाही, ताई. न पाहिलेलं लिहिलं, आणि तेच लोकांना सगळ्यात आवडलं."

किनो वळली. मला वाटलं ती आईशी काही बोलेल. ती ह्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "पट्टा लालच होता. कुणी दिला होता ते मला आठवत नव्हतं."

"मी," शिगे म्हणाली. "आदल्या दिवशी रंगवला होता."

किनो आईशेजारी बसली. तिने आईच्या हातातली वाटी घेतली, उरलेला चहा पिऊन टाकला आणि वाटी पुन्हा भरून आईपुढे ठेवली.  मी उठून लांब गेले, कारण ते बघण्याचा हक्क मला नव्हता. ह्यांनाही मी हाताला धरून नेलं.

परतीच्या प्रवासात ह्यांनी त्या एका ओळीवर जितका घाम गाळला तितका अख्ख्या कादंबरीवर गाळला नसेल. पानांचे साचे ओतून झाले होते. ओळ बदलायची तर तेवढ्याच जागेत बसायला हवी, नाहीतर पुढची सगळी पानं सरकणार. तिला जिवंत ठेवायचं म्हटलं तर शेवटची तीन प्रकरणं मोडावी लागली असती, आणि ते शिगेने मागितलंच नव्हतं. तिने फक्त एक ओळ खोटी म्हटली होती. कानाझावा ते नागानो ह्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. शेवटी जमलं: 'तिने तीनदा मागे वळून पाहिलं.'

हिनात्सुला सांगितलं तेव्हा तो मटकन बसला. म्हणाला, "गुरुजी, ह्याच वाक्यावर जाहिरात आहे. लोकांनी ह्या वाक्यासाठी पैसे भरलेत. आणि ते पान परवा यंत्रावर चढतंय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मध्यस्थी करीन अशा आशेने. "वहिनी, तुम्ही तरी समजवा ह्यांना."

मी म्हटलं, "एक लाख वीस हजार चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. ओळ बदलली की उद्यापासून बसते. नाही बदलली तर त्या कोऱ्याच परत न्या."

आयुष्यात मी कुणाला असं बोलले नव्हते. शिक्का किती वजनाचा असतो हे मला त्या क्षणापर्यंत खरोखर माहीत नव्हतं. शिंगाचा करंगळीएवढा तुकडा, आणि तो उचलला नाही तर वीस यंत्रं, शंभर माणसं आणि एवढं मोठं प्रकाशन जागच्या जागी उभं. हिनात्सु टोपी फिरवत बसला. मग त्याने विचारलं, त्या बाईंनी खरंच तीनदा पाहिलं होतं का. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं, लाल पट्ट्यासकट. तो उठला आणि म्हणाला, साचा पुन्हा ओतायचा खर्च तुमच्या वाट्यातून जाईल. हे म्हणाले, जाऊ दे.

मी उरलेले शिक्के चौदा दिवसांत संपवले.

पुस्तकं बाहेर पडायच्या दिवशी मी हिनात्सुला म्हटलं, मला ती सगळी एकत्र बघायचीत. त्याला हसू आलं, पण तो मला कोइशिकावाच्या बांधणीच्या शेडमध्ये घेऊन गेला. हे आले नाहीत. म्हणाले, मला सोसायचं नाही.

देवळाच्या सभामंडपापेक्षा उंच ती शेड होती आणि वरच्या तुळयांपर्यंत पुस्तकं रचलेली. निळ्या बांधणीची, एकसारखी, ओळीवर ओळी. मधून गल्ल्या सोडलेल्या, त्या गल्ल्यांतून हातगाड्या जात होत्या. नव्या कागदाचा आणि खळीचा वास इतका दाट की डोळ्यांना पाणी आलं. एका बाजूला चाळीस-पन्नास पोरी बसून अजूनही शेवटच्या पानावर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. ब्रश, चिठ्ठी, अंगठा. ब्रश, चिठ्ठी, अंगठा. माझा ठसा त्यांच्या बोटांखालून पुस्तकात जात होता. मी एवढ्या वर्षांत तो जाताना कधी पाहिला नव्हता.

हिनात्सुने माझी ओळख करून दिली तशी एक पोरगी हात पुसत म्हणाली, "म्हणजे शिक्के मारणाऱ्या बाई तुम्हीच? एवढ्यांत सातच उलटे सापडले आम्हाला."

मी एक प्रत मागून घेतली आणि ते पान काढलं. ओळ जागेवर होती. आजूबाजूच्या अक्षरांत मिसळून गेली होती, जणू पहिल्यापासून तिथेच असावी. आणि मग मान वर करून मी त्या ढिगांकडे पाहिलं. त्या प्रत्येक पुस्तकात एक बाई तीनदा मागे वळून पाहत होती. दोन लाख दहा हजार वेळा.  मी एका खोक्यावर बसून घेतलं.

पैसे आले तसे गेले. घराचं छप्पर झालं, ह्यांच्या भावाचं कर्ज फिटलं. एक येनची लाटही दोन-तीन वर्षांत ओसरली, आणि तीच निळी पुस्तकं फुटपाथवर दहा-दहा सेनला पडलेली मी पाहिली. ह्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणायचे, दहा सेनला घेणाराही वाचेलच की.

पण त्या दिवशी मी शेडमधून लवकर निघाले नाही. चारच्या सुमाराला मोठे दरवाजे उघडले आणि मोटारी आत आल्या. उएनो आणि शिनागावा स्थानकांकडे, बंदराकडे जाणाऱ्या. माणसांनी साखळी धरली आणि गठ्ठे हातोहात बाहेर जायला लागले. ओसाकाचे, क्यूशूचे, होक्काइदोचे. एका गठ्ठ्यावर नोतोचं नाव वाचलं आणि मी त्या माणसाला म्हटलं, जपून. त्याने मान डोलावली आणि तो गठ्ठा इतरांसारखाच पुढच्याच्या हातात दिला. दिवेलागणीपर्यंत तुळयांपर्यंतची ती निळी भिंत संपली, आणि झाडलेल्या मोकळ्या जमिनीवर त्या पोरी आपापले ब्रश धूत बसल्या होत्या.